नऊ जावयांची सुट्टी

उन्हाळ्यात कॉलेजं ओस पडतात, असं मी धरून चालले होते. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला कॉलेजची माहिती ती काय असणार. मे महिना लागला की पोरं गावी जातात, फाटकाला कुलूप लागतं आणि शिपाई झाडाखाली आडवा होतो, एवढंच. पण बालीगंजच्या ज्या संस्थेच्या वसतिगृहात मी काम करते तिथे उलटं आहे. नेहमीची मुलं सामान बांधून घरी गेली की आठ दिवसांत दुसरी मुलं येतात, देशभरातून, सहा आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमाला. ती प्रयोगशाळेत काय करतात ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती राहतात कशी, खातात काय, आजारी पडली तर कुणाचं दार वाजवतात, हे मात्र सांगता येईल. कारण ते दार माझं.

खोलीची किल्ली मी देते. चादर, उशी, मच्छरदाणी देते, आणि मच्छरदाणीच्या दोऱ्या कुठल्या खिळ्याला बांधायच्या तेही दाखवते, कारण निम्म्या मुलांनी जन्मात मच्छरदाणी लावलेली नसते. धोब्याच्या गाठोड्यांवर खोलीचे नंबर टाकते. कुणाचं पोट बिघडलं तर आधी मीठ-साखरेचं पाणी आणि मग रिक्षाने डॉक्टर. कुणाची आई फोन करते की मुलगा फोन उचलत नाही, तर तिसरा मजला चढून दार ठोकायचं. मुलगा झोपलेला असतो. कागदावर ह्या सगळ्याला 'निवास मदत' म्हटलंय.

हे काम मला कसं मिळालं आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते हातातून कसं निसटत होतं, ते सांगायचंय.

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. कंपनीने कोलकात्याला पाठवलं, तशी मीही आले. सियालदहच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. ह्यांचा दिवस उंच इमारतींमध्ये जायचा आणि माझा खिडकीत. भाषा येईना, ओळख नाही. मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला गेले तिथे एका बँकेतल्या साहेबांच्या बायको भेटल्या. त्या बालीगंजला राहायच्या. माझ्या हातचे तिळाचे लाडू खाऊन म्हणाल्या, "तुम्ही घरी बसून काय करता हो? आमच्या ओळखीच्या एक बाई होस्टेल सांभाळतात. त्यांना उन्हाळ्यापुरतं माणूस हवंय."

त्या बाई म्हणजे वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंट. सगळं कॅम्पस त्यांना सुपरदी म्हणतं. पांढरी साडी, जाड चष्मा, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायची सवय.

"शिक्षण?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"आठवी."

"नियम दहावीचा आहे."

मी पदर सावरून उठायला लागले.

"बस. उठायला सांगितलं का मी? उन्हाळ्यापुरतं मी माझ्या जबाबदारीवर ठेवते. सहा आठवड्यांत एकही तक्रार वर गेली नाही तर बारा महिन्यांचं बोलू. एक जरी गेली, तरी मला तुझ्यासाठी तोंड उघडता येणार नाही. समजलं?"

समजलं होतं. इतकं समजलं होतं की पुढचे कित्येक दिवस मी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून झोपायचे. सोमवार ते शनिवार कॅम्पसवरच, कोठीशेजारच्या खोलीत राहायचं ठरलं होतं. माझं लग्न, माझं गाव सोडणं, माझी शाळा सुटणं, काहीही मला विचारून झालेलं नव्हतं. ह्या किल्ल्या मात्र एका परक्या बाईने मला समोर बसवून, अट सांगून, माझ्या हातात दिल्या होत्या. त्या मला परत करायच्या नव्हत्या.

शाळा का सुटली, तेही सांगते, कारण पुढच्या घोळाचं मूळ तिथे आहे. आमची बार्शीजवळ पिठाची गिरणी. वडिलांचा हात पट्ट्यात आला आणि महिनाभरासाठी म्हणून मी गिरणीत बसले, ती बसलेच. दळणाचे डबे यायचे. मी वहीत प्रत्येक घराचं एक पान करायचे. कुणाचं ज्वारीचं बारीक, कुणाचं बाजरीचं जरा भरड, सगळं त्या घराच्या पानावर. तारखेची गरज नव्हती. डबा आला की पान उघडायचं. त्या वहीवर माझा एवढा विश्वास की वसतिगृहात आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती हीच. मुलांची वही, खोलीगणिक पान. आणि काम करणाऱ्यांची वही, माणसागणिक पान. सुपरदींनी सांगितलं होतं, "ह्यांच्या रजाही आता तूच बघ." म्हणून ज्याची रजा त्याच्या पानावर.

त्या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत. मेसचा स्वयंपाकी, ज्याला इथे ठाकूर म्हणतात, त्याने पहिल्याच दिवशी माझा चेहरा बघून ओळखलं की बाई घाबरलीय. मला चहा दिला आणि म्हणाला, "दीदी, सुपरदी चावत नाहीत. फक्त दात दाखवतात." मासळी कशी बघून घ्यायची, कुठल्या मुलाने ताट अर्धं टाकलं तर समजायचं की त्याला घरची आठवण येतेय, हे त्याने शिकवलं. पंपवाल्याने टाकीचं गणित शिकवलं. धोब्याने बंगाली आकडे शिकवले. त्यांच्याशिवाय माझे पहिले पंधरा दिवस निभले नसते.

तर एके दिवशी ठाकूर आला. "दीदी, अमुक तारखेला एक दिवस सासरी जायचंय. सासूबाईंचा निरोप आहे."

मी त्याचं पान उघडलं, तारीख लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे रजा मागत होतं. मी जरा ताठ बसूनच म्हणाले, "जा. सासूबाईंना नमस्कार सांगा."

दोन दिवसांनी पंपवाला आला. त्यालाही सासरी जायचं होतं. मग मेसचे चार मदतनीस एकेक करून, धोबी, दुपारचा गेटवाला आणि शेवटी दिव्याबत्तीचं बघणारा. प्रत्येक जण वेगळ्या दिवशी आला, प्रत्येकाचं मी वेगळं पान उघडलं, आणि प्रत्येकाच्या सासूबाईंना नमस्कार सांगितला. मनात म्हटलंही, बंगाली माणसं सासरला फार धरून असतात. आमच्याकडे जावई एवढा जाईल तर सासू दार लावून घेईल. तारीख मी नऊ वेळा स्वतःच्या हाताने लिहिली, पण नऊ पानांवर. दोन पानं शेजारी ठेवून मी कधी बघितली नाहीत. गिरणीत तशी वेळच येत नसे.

आदल्या दिवशी दुपारी चार वाजता ठाकूर कोठीची किल्ली द्यायला आला. नवा कोरा कुर्ता, केसांना तेल, हातात मिठाईचं खोकं.

"निघालो दीदी. कॅनिंगच्या पुढे, पार सुंदरबनाकडे जायचंय, म्हणून आजच."

"सावकाश जा. उद्या मोठ्या मदतनिसाला सकाळी पुऱ्यांचं सांगून ठेवलंय ना?"

"तोही जातोय ना."

"मग त्याच्या खालचा?"

"दीदी," तो अगदी हळू म्हणाला, "उद्या जामाईषष्ठी आहे."

मला तो शब्द कळला नाही. त्याने समजावलं. ज्येष्ठातल्या शुद्ध षष्ठीला सासू जावयाला बोलावते, पंख्याने वारा घालते, मनगटाला पिवळा दोरा बांधते आणि तो नको म्हणेपर्यंत वाढत राहते. दरवर्षी. सगळ्या जावयांना. एकाच दिवशी.

आमच्याकडे जावयाचं कौतुक अधिक महिन्यात, तीन वर्षांतून एकदा. तेव्हा तेहतीस अनारसे द्यायचे आणि तीन वर्षं मोकळं व्हायचं. अख्ख्या प्रांताचे जावई एकाच सकाळी उठून सासरी निघतात, हे माझ्या डोक्यात येणार कुठून? मी वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. प्रत्येक पानावर तीच तारीख, माझ्याच गोल अक्षरात.

दुसऱ्या दिवशी बावन्न मुलं जेवायला होती. आणि दिवस साधा नव्हता. दुपारी दोन वाजता त्यांना बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर आपापलं काम मांडायचं होतं. त्यासाठीच ती महिनाभर जागत होती. साडेबाराला जेवण मिळालं नाही तर तक्रार होणार नाही असं कसं म्हणायचं?

ठाकूर उभाच होता. खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत, सोडत. "तुम्ही म्हणत असाल तर थांबतो," तो म्हणाला. "सासूबाईंना कळवतो. त्यांनी मासळी घेतलीय. पण कळवतो."

म्हणाला खरा. पण त्याचा चेहरा नव्या कुर्त्याच्या मानाने फार जुना दिसायला लागला होता. मी थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता. बाकीचेही थांबले असते. नोकरी माझी होती आणि चूकही माझी होती.

"नाही," मी म्हटलं. "मी लिहून दिलंय. तुम्ही जा. फक्त मला बावन्न माणसांचा अंदाज सांगून जा."

तो स्वयंपाकघरात गेला तो नव्या कुर्त्यानिशीच. मोठं पातेलं खाली काढून त्याच्या आतल्या बाजूला बोट लावलं. "तांदूळ कडीच्या ह्या पहिल्या रिबिटापर्यंत. पाणी दुसऱ्याच्या दोन बोटं वर. डाळीला हे पातेलं. मीठ आधी कमी घाला, बावन्न जणांचं मीठ हाताला कळत नाही." दारात जाऊन परत वळला. "आंब्यांच्या चार पेट्या आल्यात. आज-उद्यात संपवा, टिकायचे नाहीत."

तो गेल्यावर मी ह्यांना फोन लावला. सगळं ऐकून हे म्हणाले, "हो, उद्या आमचं वर्कशॉपही बंद आहे. सगळे सासरी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पंधरा दिवसांपूर्वीच बोर्डावर लावलंय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"अगं, मला वाटलं सासरचं असलं काही असेल तर ते बायकांना आधी कळतं."

मी रडायला लागले, तशी थट्टा थांबली. "सुपरबाईंना सांगून टाक," हे म्हणाले. "उद्या तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा आज तुझ्याकडून कळू दे. मी सकाळी पहिल्या गाडीने येतो. माझी सासू बार्शीला आहे. मला काही आज बोलावणं आलेलं नाही."

सुपरदी दोन दिवसांसाठी डमडमला आपल्या घरी गेल्या होत्या. त्याही सासूच होत्या, त्यांचाही जावई यायचा होता. फोन लावताना माझं बोट दोनदा चुकलं. मी सगळं सांगितलं, वहीचंसुद्धा. पलीकडे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

"चिठ्ठ्या टाकल्या नाहीस?" त्या म्हणाल्या.

"कसल्या चिठ्ठ्या?"

"दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. निम्मे दुपारी जातात, निम्मे संध्याकाळी. तुझ्या आधीचा माणूस करायचा." झारा खाली ठेवल्याचा आवाज आला. "तुला कोण सांगणार होतं? मीच सांगायला हवं होतं. मला वाटलं हे काय सांगायचं, हे सगळ्यांनाच माहीत असतं." मग एकदम बाईंचा नेहमीचा आवाज. "बाहेरून मागवता येणार नाही. उद्या प्रत्येक हॉटेलात जावई बसलेले असतात. मी येऊ का?"

इथे मी हो म्हणायला हवं होतं. भित्री माणसं हो म्हणतात, आणि मी भित्री आहे. पण ती कढई ऐकू येत होती.

"नको," मी म्हटलं. "तुमचे जावई येणार आहेत. मी बघते."

"बघ," त्या म्हणाल्या. "जेवण साडेबाराला. एक मिनिट पुढे नाही. आणि तुझ्या बारा महिन्यांच्या कागदाचं मी परवा आल्यावर बघते."

पाच वाजता मुलं चहाला खाली आली. चहा मीच केला होता. मी खुर्चीवर उभी राहिले, कारण माझा आवाज मागच्या टेबलापर्यंत जात नाही. हिंदी माझी तोडकीमोडकी. "उद्या ठाकूर नाही. कुणीच नाही. सगळे जावई आहेत. माझी चूक झाली. जेवण वेळेवर मिळेल, पण मला हात लागतील. ज्यांची तयारी राहिलीय त्यांनी अभ्यास करा. ज्यांची झालीय त्यांनी सकाळी सातला या."

मग मागून मणिपूरची एक मुलगी उठली. महिनाभरात ती माझ्याशी 'किल्ली' आणि 'थँक्यू' एवढंच बोलली होती. तिने विचारलं, "किती हात?"

"दहा मिळाले तर बरं."

ती फळ्याकडे गेली. जिथे मेसचा आठवड्याचा बेत लिहितात तो फळा तिने पुसला आणि आडव्या-उभ्या रेघा मारल्या. डाव्या हाताला कामं, वर तास. प्रत्येकाने आपलं नाव आपल्या चौकटीत लिहायचं. पाच मिनिटांत बावीस नावं लागली. मी त्या फळ्यापुढे उभी राहून बघत राहिले. सगळी माणसं एकाच नजरेत दिसत होती. कुठल्या तासाला कोण आहे आणि कुठल्या तासाला कुणीच नाही, हे वाचावं लागत नव्हतं, दिसत होतं. मी नऊ पानं करून जे घालवलं होतं ते तिने एका फळ्यावर आणलं होतं.

"हे मला शिकवशील?" मी तिला विचारलं.

"ह्यात शिकवण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, "शिकवते."

सकाळी हे आले ते हत्यारांची पेटी घेऊन. थेट पंपावर गेले. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता, कारण पंपवाला आदल्या संध्याकाळीच सासरी पोचला होता. पाऊण तासाने नळाला पाणी आलं आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी शिट्टी वाजवली. गेटवरचे म्हातारे बाबा, ज्यांच्या सासूबाई कधीच वारल्या होत्या, ते फाटकातून ओरडून म्हणाले, "ह्या जावयाला आधी चहा द्या."

न्याहारीला कांदे पोहे. इथले चिडे म्हणजे आपले पोहेच. पंजाबचा एक मुलगा कांदे चिरताना ढसाढसा रडत होता आणि त्याची मित्रमंडळी त्याला विचारत होती, सासर आठवलं का. पोहे साडेआठला संपले. एका केरळच्या मुलीने कढईच्या तळाची खरवड मागून खाल्ली.

दुपारचा बेत मी रात्रीच ठरवला होता. आंबे टिकणार नव्हते आणि माझ्या हाताला न चुकता येणारी पंगत एकच. आमरस, पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि वेळ पडली तर म्हणून रिबिटाच्या मापाने भात.

आठ मुलं आंब्यांना बसली. मी सांगितलं, आधी आंबा माचवा, म्हणजे सालीवरूनच दाबून मऊ करा, मग देठ काढून पिळा. मुलांनी मिक्सर शोधायला सुरुवात केली. "मिक्सर नको," मी म्हटलं. "रसात धागा राहिला पाहिजे." त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं. कोपरापर्यंत रस ओघळत होता. जयपूरच्या एकाने विचारलं, "आंटी, ह्याचे मार्क मिळणार का?" मी म्हटलं, "मिळतील. दुपारी दोन वाजता."

पुऱ्यांनी मात्र घात केला. कणीक मळणाऱ्या दोघांनी एकमेकांना न विचारता पाणी घातलं. पीठ सैल झालं. पुऱ्या लाटताना पोळपाटाला चिकटायला लागल्या, तेलात पडल्या की पसरायच्या, फुगायच्या नाहीत. सव्वाअकरा वाजले होते. मी हात धुतले आणि क्षणभर तशीच उभी राहिले. सुपरदींची भिंतीकडे बघणारी नजर मला दिसायला लागली. आमचे हे शेजारी बटाटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"गिरणीवाल्याच्या पोरीला पीठ कळेना का आता?"

राग आला. आणि त्या रागातच मी परातीत हात घातला. पीठ बोटांत धरून बघितलं. सैल होतं, पण वाईट नव्हतं. कोरडी कणीक मागवली, मूठभर रवा टाकला, तेलाचा हात लावला आणि सगळा गोळा स्वतः मळून काढला. खांदे भरून आले. वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. मणिपूरच्या मुलीने फळ्यावर जाऊन लाटण्या-तळण्याचे तास वीस मिनिटं पुढे सरकवले आणि भांडी घासणाऱ्या चौघांना पुसून त्यांची नावं लाटण्याखाली लिहिली. म्हणाली, "भांडी नंतर. ती कुठे पळत नाहीत."

पहिली पुरी तेलात सोडली. ती तळाशी गेली, वर आली, झाऱ्याने दाबली आणि टम्म फुगली. स्वयंपाकघरातल्या पंधरा पोरांनी टाळ्या वाजवल्या. नकाशासारख्या, पानासारख्या, कुठल्याच आकाराच्या नसलेल्या पुऱ्या एकामागून एक येत गेल्या, आणि सगळ्या फुगत गेल्या. काही वेळाने मी त्यांच्याकडे बघणंच सोडलं, नुसता झारा चालवत राहिले.

साडेबाराला पाच मिनिटं असताना मी बेल वाजवली.

मुलं परीक्षकांसमोर जायच्या कपड्यांत आली होती. इस्त्रीचे शर्ट, दोन-चार साड्या. इथे मुलं ओळीने ताट घेऊन उभी राहतात. मी म्हटलं, आज नाही. आज बसायचं. आम्ही वाढणार. एका मुलीने मुद्दाम तोंड वाकडं केलं, "लाड फक्त जावयांचेच का? आमचे का नाहीत?" तिला मणिपूरच्या मुलीने परस्पर उत्तर दिलं, "आज इथे सगळेच जावई. बस खाली." त्यावर जे हसू फुटलं ते पंगत संपेपर्यंत थांबलं नाही. मी रसाचं भांडं घेऊन रांगेतून फिरले. आमच्याकडे वाढतात तसं, नको म्हटलं तरी एक पळी. जी मुलं रोज चार घास खाऊन उठायची त्यांनी पुरी पुसून वाटी कोरडी केली. भाताचं पातेलं अर्धंअधिक तसंच राहिलं. एक वाजून दहा मिनिटांनी शेवटचं मूल उठलं आणि दोनच्या आधी मेसमध्ये आम्ही दोघं, गेटवरचे बाबा आणि भांड्यांचा डोंगर एवढेच उरलो.

ह्यांनी माझ्यासाठी पान घेतलं. "बस," म्हणाले. मी बसले. हाताला झारा धरून धरून गाठ आली होती, पुरी तोडता येईना. ह्यांनी तोडून दिली.

सुपरदी दुसऱ्या दिवशी येणार होत्या. त्या त्याच दिवशी संध्याकाळी सहाला आल्या. जावयाला वाढून, पंखा खाली ठेवून, टॅक्सी करून. मी रात्रीच्या मसालेभाताला फोडणी देत होते. त्या थेट आत आल्या. झाकणं उघडून बघितली. नळ सोडून बघितला. मग मेसच्या दाराशी दोरीला टांगलेली तक्रारवही काढली आणि चष्मा वर करून वाचायला लागल्या. माझ्या हातातली पळी थांबली. त्या वहीत काय आहे ते बघायचं मला दिवसभर धाडसच झालं नव्हतं.

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. त्या तारखेला एकच तक्रार होती, इंग्रजीत. मला अडखळत वाचावी लागली. पुरी आणि रस पुन्हा कधी मिळणार ते फळ्यावर लिहिलेलं नाही, अशी ती तक्रार होती. खाली सतरा सह्या.

"तक्रार वर गेलीय की नाही?" मी विचारलं. खरंच विचारलं, थट्टा नव्हती.

"माझ्याकडे आलीय," सुपरदी म्हणाल्या. "मी वर नेत नाही."

दुसऱ्या सकाळी जावई परतले. नऊच्या नऊ मनगटांना पिवळे दोरे. पंपवाला मोटरीभोवती फिरून आला आणि जरा नाराज दिसला, कारण ती आधीपेक्षा बरी चालत होती. ठाकूरने आपली कढई उलटीसुलटी करून तपासली. "कुणी घासली?" म्हणाला. मी सांगितलं, पंजाबच्या मुलाने. "पुढच्या वर्षीही त्याला बोलवा," तो म्हणाला. मग कागदात बांधून आणलेलं काहीतरी पुढे केलं. सासूबाईंनी माझ्यासाठी पाठवलेले नारळाचे लाडू होते. त्याने तिकडे सगळं सांगितलं होतं.

अकरा वाजता सुपरदींनी ऑफिसात बोलावलं. उन्हाळी अभ्यासक्रम बघणारे एक प्राध्यापकही बसले होते. टेबलावर छापील कागद होता.

"दहावीचा नियम मला बदलता येत नाही," सुपरदी म्हणाल्या. "पण उन्हाळी अभ्यासक्रमाची माणसं सर घेतात, आणि तिथे असा नियम नाही. सरांनी काल दुपारी तुमच्या त्या नकाशासारख्या पुऱ्या खाल्ल्यात. करार वर्षाचा. पुढे दरवर्षी नवा. शिक्षणाच्या रकान्यात काय आहे तेच लिही."

मी 'आठवी' लिहिलं. इंग्रजीत लिहायचं होतं, चार अक्षरं पुन्हा गिरवावी लागली.

"आणि एक," सुपरदी म्हणाल्या. "रजा आता पानावर नाही, फळ्यावर. सगळ्यांच्या एकत्र. पुढच्या वर्षी जामाईषष्ठीच्या आधी पंधरा दिवस चिठ्ठ्या टाकायच्या. निम्मे दुपारी, निम्मे संध्याकाळी."

सही करायची राहिली होती. पेन माझ्या हातातच होतं. सही होईपर्यंत गप्प बसावं एवढी अक्कल मला आहे.

"फळा मान्य आहे," मी म्हटलं. "चिठ्ठ्या नको."

सुपरदींनी पहिल्यांदा भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"अर्ध्या दिवसात कॅनिंगच्या पुढे जाऊन कोण जेवून येणार? त्या दिवशी नऊही जणांना सुट्टी. मेस माझी. पाणी आमचे हे बघतील, त्यांना दर तीन वर्षांनी एकदाच बोलावणं असतं."

प्राध्यापकांना सगळं कळलं नसावं, पण ते हसले. सुपरदी हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद स्वतःकडे ओढला, अटींच्या खाली रिकामी जागा होती तिथे आपल्या हाताने एक ओळ लिहिली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. ओळ बंगालीत होती. मला त्यातलं काहीच वाचता आलं नाही, आकडा सोडून. धोब्याने शिकवला होता. नऊ.

मी सही केली.